मोडलेली निर्जळी

दोन वर्षं माझ्या लेकीचे हातपाय दुखत होते आणि दोन वर्षं मी अंबादेवीशी भांडत होते. ही गोष्ट घडली तेव्हा प्रांजली अकरावीत होती. थंडी पडली की गुडघे, ताप आला की पाठ. एकदा दुखू लागलं की पोर तासन्‌तास तळमळायची. डॉक्टर रक्त कमी आहे म्हणून गोळ्या द्यायचे. तुझ्या सेवेत मी कुठे कमी पडले, असं मी देवीला रोज विचारायचे. उत्तर ऐकायला मात्र थांबत नव्हते. माझा स्वभावच तसा आहे.

त्या वर्षी बडनेऱ्याला तिच्या कॉलेजात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी ठेवली होती. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतात, दोष दिसला तर पुढची तपासणी करून कार्ड देतात. हा आजार आईबापांकडून येतो, असं सूचनेत लिहिलं होतं. ती ओळ वाचली आणि मी त्या दिवशी लेकीला घरीच ठेवलं. कार्ड निघालं तर चारचौघांत बोभाटा होईल, उद्या सोयरीक कोण करेल, शिवाय सगळे माझ्या माहेराकडे बोट दाखवतील, एवढा विचार मी चहा उकळेपर्यंत करून टाकला. तिच्या बाबांना सांगितलं, पोट दुखतंय तिचं. आणि त्याच दुपारी नवस बोलले, की नवरात्रात ती माझ्यासोबत निर्जळी धरेल आणि अनवाणी अमरावतीला देवीपर्यंत चालत येईल. तिला विचारायचं मला सुचलंही नाही.

पाचव्या माळेला आम्ही सकाळी निघालो. अमरावतीत राजापेठ ओलांडेपर्यंत ऊन चढलं. "आई, मले आता चालवत नाही," ती म्हणाली. आलंच की देऊळ, असं मी दोनदा म्हटलं. देवळाच्या रस्त्यावर बांगड्यांच्या एका दुकानापुढे ती मटकन खाली बसली आणि मांड्या धरून ओरडू लागली.

दुकानातली बाई उठून आली. "डोये पाहिले का तुमी पोरीचे? पिवये पडले. आंदी पानी पाजा तिले."

"निर्जळी आहे तिची. नवस मोडन."

"मोडू द्या. पोरीनं पानी पेल्यानं देवीचं काय जाते? माह्या पोराले सिकलसेल हाय, त्याचंबी असंच होते. हिले तपासलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"काहून नाही तपासलं?"

बाईनं माझ्या उत्तराची वाट न पाहता बाटली लेकीच्या तोंडाला लावली. पोर पाणी पीत होती आणि चोरी करत असल्यासारखी माझ्याकडे बघत होती.

ऐन नवरात्रात दुकान शेजारणीवर सोपवून बाई आमच्यासोबत ऑटोत बसली, सरकारी दवाखान्यात आली, डॉक्टरांना सगळं सांगून परत गेली. प्रांजलीला सिकलसेलच निघाला. मग आमचीही तपासणी झाली आणि आम्ही दोघंही वाहक निघालो, म्हणजे आम्हाला त्रास नसला तरी दोष दोघांच्याही रक्तात होता. "अर्धं तुह्यं, अर्धं माह्यं," तिचे बाबा म्हणाले. "आता कोनाशी भांडतं?"

आजार जाणारा नाही. रोजची गोळी, भरपूर पाणी, वेळोवेळी तपासणी, एवढ्यावर तिचं दुखणं पुष्कळ कमी झालं. ती परीक्षेलाही बसली. ज्या उत्तरासाठी मी देवीशी भांडत होते, ते कॉलेजात आपल्या पायांनी चालत आलं होतं आणि मीच दार लावून घेतलं होतं. तरी देवीनं पुन्हा माणूस पाठवलं, असं मी मानते. कुणी योगायोग म्हणेल, म्हणो. शरण जाणं म्हणजे आपला हट्ट सोडणं, हे मला एवढ्या उशिरा कळलं.

त्या नवरात्रानंतर महिन्याभरानं आम्ही दोघी त्या दुकानात गेलो. बाईला आधी ओळखच पटेना. सांगितल्यावर हसली. मी वाकले तशी मागे सरली. "माह्या कायले पाया पडता? पडायचंच असन तं पोरीच्या पडा."

मी तिथेच, भर रस्त्यात, लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, ऊठ ना. लोक पाहून राहिले," प्रांजली म्हणाली.

"पाहू दे," मी म्हटलं.