खाकी कव्हरातला मंगळ

आमच्या कंपनीतला एक म्हातारा इंग्रज दोहा शहर कायमचं सोडून निघाला, तेव्हा जाताना त्याने जुन्या मासिकांचं एक खोकं मला देऊन टाकलं. ती त्याच्या वडिलांनी तरुणपणी जमवलेली. लाकडाच्या लगद्याचा सगळ्यात स्वस्त कागद, हात लावला की कडांचा भुगा पडायचा. त्या काळी लेखकाला शब्दागणिक पैसे मिळत, त्यामुळे राक्षस एका वारात कधी मरत नसे. कित्येकदा चित्रकार मुखपृष्ठ आधी रंगवी आणि त्यात बसेल अशी गोष्ट मग कोणीतरी लिहून देई. आधी कळस, मग पाया! पण मला तर ते सगळं भयंकर आवडलं.

मुखपृष्ठांवर हिरवे राक्षस आणि त्यांच्या तावडीत सापडलेल्या, बेताचेच कपडे घातलेल्या बायका. बायको म्हणाली, "शुक्रवारच्या सुट्टीला चार माणसं जेवायला येतात आपल्याकडे. हे हॉलमध्ये मांडणार?" तिने लेकीच्या शाळेच्या पुस्तकांबरोबर या अंकांनाही खाकी कव्हरं घातली, वर लेबलं चिकटवली. अल मुंतझा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मंगळावरची स्वारी 'विषय: विज्ञान' म्हणून फळीवर जाऊन बसली.

लेक आठ वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. आदल्या वर्षी आई नाशिकहून आली होती. नात बोलायची आणि आई नुसती हसून मान हलवायची. निघताना म्हणाली, "पोर गोड आहे रे, पण पाहुण्यांची वाटते." ते माझ्या जिव्हारी लागलं. आता आई पुन्हा येणार होती.

म्हणून मी रोज संध्याकाळी लेकीला त्या गोष्टी मराठीत सांगायला घेतल्या. भाषांतर कसलं, जमेल तसं रेटायचो. मंगळाची राणी चिडली की थेट माझ्या आईच्या तोंडचं बोलायची. लेक खिदळायची, आणि प्रश्न विचारायची ते इंग्रजीतच! मी जाम वैतागायचो. त्यातच राणी राक्षसाच्या गुहेत अडकली आणि खाली छापलेलं, उरलेली गोष्ट पुढच्या अंकी. तो अंक खोक्यात नव्हताच.

आई आली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून घरी आलो तर लेक पलंगावर उभी, हातात उलथनं, समोर आजी.

"मग राणी ओरडली, मेल्या, मुकाट्यानं पानावर बस! राक्षस इतका घाबरला ना, आजी!"

मी दारातच थबकलो. डोळे भरून आले, तरी राहवेना. "काय गं, आज इंग्लिश नाही?"

तिने माझी कीव केल्यासारखं पाहिलं. "बाबा, मंगळावर इंग्लिश कोणाला येतं?"

"तू मध्ये बोलू नकोस रे," आई मला म्हणाली. "मग? सुटली का राणी?"

"माहीत नाही. बाबांकडे पुढचं बुकच नाही. खलास."

"असं कसं खलास? सरक जरा."

आई पलंगावर चढून तिच्याशेजारी बसली आणि राणीला सोडवायला निघाली.