मोठ्या आईचा मनीप्लांट

मनीप्लांटचं पान सुपाएवढं होतं, हे मला पहिल्यांदा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं आणि मला ते खोटं वाटलं. माझ्या माहितीतला मनीप्लांट म्हणजे टीव्हीशेजारी काचेच्या बाटलीत ठेवलेला, तीन-चार बोटभर पानांचा. जाऊबाई त्या दिवशी अकलोलीहून आल्या होत्या. लग्नाला अकरा वर्षं होऊनही मूल नव्हतं. कुणीतरी सांगितलं, वज्रेश्वरीला ओटी भरा, अकलोलीच्या गरम कुंडात अंघोळ करा. त्यांनी दोन्ही केलं आणि येताना ओल्या रुमालात गुंडाळलेला वेलीचा एक तुकडा घेऊन आल्या.

“कुंडाच्या मागं आंब्यावर चढलीय,” त्या दोन्ही हात पसरून सांगत होत्या. “खाली बारीक पान, वर जाईल तसं मोठं. शेंड्याला तर सूप! न् फाटलेलं, केळीच्या पानासारखं. तिथल्या बाईला इचारलं, ही कसली वेल? तर बोलली, मनीप्लांटच हाय.”

मला तेव्हा सातवा महिना होता. मी हसले आणि लगेच हसू आवरलं. त्या कशासाठी गेल्या होत्या ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मी पोट घेऊन त्यांच्यासमोर बसले होते.

आम्ही कामतघरला एकत्र राहत होतो. खालच्या दोन खोल्या थोरल्या दिरांच्या, वरच्या दोन आमच्या, स्वयंपाक एकच. शेजारी भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना. आवाजाची सवय होते, पण सुताच्या भुग्याची होत नाही. खिडकीतून तो सतत आत येई. भांड्यांवर, उशांवर, देवाच्या तसबिरीवर पांढरी साय धरल्यासारखा बसे. अशा घरात झाड काय जगणार, असं मला वाटलं होतं.

जाऊबाई खारबावच्या पुढच्या एका गावातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. शाळा चौथीपर्यंत. पण रोपाकडे बघून त्याला काय हवंय ते त्यांना कळायचं. त्यांनी तुकडा आधी पाण्यात ठेवला, मुळं फुटल्यावर कुंडीत लावला. दिरांकडून प्लॅस्टिकचा पाइप आणवला, त्यावर नारळाचा काथ्या गच्च गुंडाळून सुतळीनं आवळला आणि तो खांब कुंडीत रोवला. “धरायला काय तरी पायजे तिला,” त्या म्हणाल्या. “लोंबत सोडली तर पान बारीकच राहतं.” रोज सकाळी त्या काथ्यावर पाण्याचा हात फिरवायच्या. काथ्या ओला असला की वेलीच्या पेरांतून निघणारी तपकिरी मुळं त्यात शिरतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. आणि दर दोन दिवसांनी जुन्या मलमलच्या ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायच्या, पानाखाली तळवा धरून, बाळाचं तोंड पुसावं तसं.

माझी मुलगी झाली. सहा महिन्यांनी मी गोडाऊनमधल्या नोकरीवर परत गेले. माल तपासून खोक्यांना स्टिकर लावायचं काम, आठ तास उभं राहून. मुलीला बघायला जाऊबाई होत्या, म्हणूनच जाता आलं. मी संध्याकाळी घरी यायची तेव्हा मुलगी न्हाऊन, पावडर लावून, जेवून तयार असायची. तिच्यासाठी मी काही करायचं उरलेलंच नसायचं.

ती त्यांना मोठी आई म्हणायला लागली. आमच्याकडे सगळीच मुलं चुलतीला तसं म्हणतात. पण माझ्या मुलीच्या तोंडी त्यातलं ‘मोठी’ हळूहळू गळत गेलं. खाली ‘आई’ अशी हाक ऐकू आली की मी जिन्यावर थांबायची, कारण ती हाक मला नसायची.

दोघींचा सकाळचा एक कार्यक्रम होता. जाऊबाई कुंडीपुढे मांडी घालून बसायच्या, मुलगी मांडीत. “या पानाचं तोंड धुतलं, आता तुझं तोंड धू,” असं म्हणत एक पान पुसायचं, मग तिचे गाल पुसायचे. नवं पान उलगडलं की मुलीचा हात त्यावर ठेवून मापायचं. वेल आता छताजवळ पोचली होती आणि वरची पानं खरोखर मोठी यायला लागली होती. माझ्या दोन्ही तळव्यांएवढी. एका पानाला कडेनं चीर पडली होती. ते कळल्यावर जाऊबाईंनी अर्ध्या आळीला बोलावून दाखवलं होतं.

मी सुट्टीच्या दिवशी एकदा मुलीला दुपारी माझ्याजवळ झोपवलं. ती रडत उठली. मी उचलून घेतलं तर तिनं माझ्या खांद्यावरून दाराकडे हात केले. दारात जाऊबाई उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केले नाहीत. “आईकडंच रहा,” एवढं म्हणून त्या खाली गेल्या. त्या निघून गेल्या याचाही मला राग आला.

मुलगी ज्युनिअर केजीत गेली. पालकसभा असायची कामाच्या दिवशी, त्यामुळे जाऊबाई जायच्या. एकदा मी मुद्दाम अर्धी ड्युटी सोडून गेले. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही कोण? तिच्या आई नाही आल्या आज?”

“मीच आई आहे,” मी म्हटलं.

बाई गोंधळल्या. “अहो, मग त्या दरवेळी येतात त्या? त्यांना आम्ही आईच म्हणतो. त्या कधी काही बोलल्या नाहीत.”

रिक्षात बसून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच एक वाक्य फिरत होतं. त्या कधी काही बोलल्या नाहीत. घरी आले तेव्हा जाऊबाई स्टुलावर उभ्या राहून वरची पानं पुसत होत्या. मुलगी खाली फडकं पिळून देत होती. मी मुलीला वर पाठवलं.

“ताई, शाळेत तुम्ही सांगितलं का नाही की तुम्ही तिची आई नाही?”

त्या स्टुलावरूनच म्हणाल्या, “ती बाई बोलली, आई या. मी गेली. त्यात काय सांगायचं?”

“सांगायचं ना. तुमच्या पोटची नाही ती.”

हे मी म्हटलं. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं, रागाच्या भरात भलतंच निघालं असंही नाही. मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि ते कुठे लागणार तेही मला माहीत होतं.

जाऊबाईंचा हात एका पानावर होता. तो थांबला. मग त्यांनी ते पान पूर्ण पुसलं, मागून आणि पुढून, आणि पुढचं पान धरलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी वर गेले.

चार महिन्यांत आम्ही कल्याण रोडला फ्लॅट घेऊन निघालो. लोकांना सांगितलं, गोडाऊन जवळ पडतं. नवऱ्यालाही तेच सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं, “पोरीला कोण बघणार?” मी म्हटलं, पाळणाघर आहे खाली. जाऊबाईंना कुणी काही विचारलं नाही. त्यांनी आमची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, मुलीच्या कपड्यांच्या घड्या घालून दिल्या.

टेम्पो दारात आला तेव्हा मुलगी कुंडीला मिठी मारून बसली. तिला वेल हवी होती. जाऊबाई म्हणाल्या, “ने गं सगळी. मी काय करू ती ठेवून?”

“नको,” मी म्हटलं. “जागा नाही तिथे.”

“मंग थोडी तरी दे तिला. थांब, मी कापून देते. पेर बघून कापावं लागतं, डोळा असला तर...”

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी हात वर करून एक पान देठासकट तोडलं आणि मुलीच्या हातात दिलं. “हे घे. झालं? चल.” जाऊबाई कात्री घेऊन आल्या होत्या. त्यांनी मुलीच्या हातातलं पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि कात्री पदराखाली घेतली.

मुलीनं ते पान बाटलीत पाण्यात ठेवलं. पंधरा दिवसांत मुळं आली. ती इतकी खूश झाली की शेजारच्यांना दाखवून आली. रोज उठल्याबरोबर बघायची, नवं पान आलं का. महिने गेले. मुळांचा जुडगा वाढून बाटली भरली, पान हिरवंगार राहिलं, पण त्याला दुसरं पान काही येईना. “मोठ्या आईला विचारूया?” ती म्हणायची. मी म्हणायची, विचारू. फोन समोर असायचा. आमच्या दारातून रिक्षानं कामतघर पंधरा मिनिटांवर होतं. आम्ही गणपतीत जायचो, दिवाळीत जायचो, दीड-दोन तास बसायचो. मी मुलीला फार वेळ एकटी त्यांच्याजवळ राहू द्यायची नाही. वर्षभरानं पान पिवळं पडलं. मुलीनं ते स्वतःच कचऱ्यात टाकलं आणि बाटली धुऊन ठेवली. ती रडली नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं झालं होतं.

पेर नसलेल्या पानाला मुळं फुटतात पण वेल होत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मुलगी अकरावीत गेली त्या वर्षी जाऊबाईंना पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी दिरांना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा. मी दर रविवारी जायला लागले. त्यांचा पलंग वेलीजवळच्या खिडकीशी लावला होता. वेल छताला लागून आडवी वळली होती आणि पानांवर भुगा इतका बसला होता की हिरवा रंग दिसत नव्हता. मी फडकं ओलं करून पुसायला घेतलं. जाऊबाई पडल्या पडल्या बघत होत्या. “खालनं हात धर,” त्या म्हणाल्या, “न्हायतर फाटतं.”

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी मुलीला म्हटलं, तूही चल. क्लास आहे, टेस्ट आहे, असं करत ती शेवटी आली. दारात चप्पल काढून आत आली, पलंगापासून लांबच्या खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, “काकू, कशा आहात तुम्ही?”

काकू. तुम्ही. हे तिला मी शिकवलं नव्हतं. मी फक्त अकरा वर्षं तिला त्या घरात दीड-दोन तासांपेक्षा जास्त थांबू दिलं नव्हतं.

जाऊबाईंनी उशीवर मान वळवून तिला पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पाणी दे गं तिला. उन्हातनं आलीय.” पाहुण्याला देतात तसं मी ट्रेमधून पाणी दिलं. मुलीनं दोन घोट घेतले, मोबाइल बघितला, अर्ध्या तासानं निघाली. जाताना जाऊबाईंच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, पण ती तोवर उभी राहिली होती.

ती गेल्यावर मी पलंगाशी बसले. मला म्हणायचं होतं ते अकरा वर्षं तोंडात होतं. “ताई, मी तेव्हा जे बोलले...”

“ऱ्हाऊ दे.”

“नाही, मला बोलू द्या. मी तुमच्यापासून तिला तोडली.”

त्या छताकडे बघत होत्या. बोलायला त्रास होत होता, थांबत थांबत बोलल्या. “मी तुझ्याकडून न्हाय घेतली तिला. ती हात करायची, म्हून मी घ्यायची. तू बोलली असतीस तर मी... कमी घेतली असती.”

मी रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही आणि जवळही घेतलं नाही. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. तेरा दिवसांनी त्या गेल्या.

दिरांनी कामतघरची खोली बंद करून गावी राहायला जायचं ठरवलं. वेल ते टाकून देणार होते. मी मागून घेतली. एवढी लांब वेल अखंड दारातून निघेना, म्हणून तिचे तुकडे करावे लागले. प्रत्येक ठिकाणी पेर बघून, डोळा बघून कापलं. सात तुकडे निघाले. त्यातले चार कुजले. मी पाणी जास्त घालत होते. सारखी माती दाबून बघायची आणि ओली असली तरी घालायची. तीन जगले. काथ्याचा खांब मी स्वतः बनवला, तिरपा झालाय. पानं अजून बारीकच येतात.

गेल्या महिन्यात मी मुलीला सगळं सांगितलं. शाळेतलं, स्टुलावरचं, टेम्पोचं. तिनं मला दूषण द्यावं अशी माझी इच्छा होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाली, “आई, मला खरंच काही आठवत नाही गं. मी खूप लहान होते. तू उगाच मनाला लावून घेतेस.”

ती बॅग घेऊन कॉलेजला गेली. मी तिला डबा द्यायला विसरले होते, तो घेऊन जिन्यापर्यंत धावले, पण लिफ्ट खाली गेली होती.