गस्तमॅडम आणि भेटीचा रविवार

सरकारी निवासी शाळेच्या वसतिगृहात मुलींनी अधीक्षिकेचं नाव ठेवलं होतं गस्तमॅडम, आणि त्यासाठी त्यांना फारसं डोकं खाजवावं लागलं नसणार. बाईच्या पायाला भिंगरीच होती. न्हाणीघरापासून जेवणघर, जेवणघरापासून अभ्यासिका, तिथून मागच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, असा तिच्या चपलांचा आवाज दिवसभर फिरत असायचा. तिला ऑफिस होतं, ऑफिसात खुर्ची होती, वर पंखाही होता; पण तिला त्या खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं असेल तर शपथ. जेवायचीसुद्धा उभ्या उभ्या, ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, एक डोळा ताटावर आणि दुसरा मुलींच्या रांगेवर.

ही खोड तिला लहानपणीच जडली होती. ती स्वतः अशाच एका शाळेत वाढली. दहा वर्षांची असताना वडिलांनी हातात पेटी दिली आणि दारात सोडून ते मागे न बघता गेले. तिथे ती भराभर जेवायला शिकली, कारण हळू जेवणारीला दुसऱ्यांदा वाढायला पातेल्यात काही उरत नसे. साबण उशाखाली ठेवायला शिकली. रडायचं असेल तर नळ सोडून रडायचं, हेही शिकली. आणि या सगळ्यात अभ्यासही शिकली, तो मात्र जीव लावून. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, नवरा कामासाठी म्हणून परगावी गेला आणि तिकडचाच होऊन बसला. पदरात एक मुलगी. तेवढ्यात इथल्या अधीक्षिकेची जागा निघाली. पगार बेताचाच, पण वसतिगृहाच्या टोकाला दीड खोलीचं क्वार्टर मिळत होतं. तिने दोन्ही हातांनी ती नोकरी धरली.

मुलगी पाचवीत आली, प्रवेशपरीक्षा पास झाली, आणि बाईने तिला क्वार्टरमध्ये समोर उभं करून सांगितलं, "उद्यापासून तू मोठ्या खोलीत झोपायचंस, सगळ्यांसारखं. गेटच्या आत मी मॅडम. कळलं?"

"आणि गेटच्या बाहेर?" मुलीने विचारलं.

"बाहेर आपण जातो कुठे?" बाई म्हणाली, आणि तिथेच तो विषय मिटला. निदान तिच्यापुरता.

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. खोलीभर मुली आपापल्या आईला सोडून आलेल्या, त्यात एकीची आई चार पावलांवर. नव्या मुली पहिली सुट्टी लागेपर्यंत रडत. त्यांच्या डोळ्यांदेखत एकीचे लाड झाले असते तर त्यांच्या जिवाला काय वाटलं असतं? आपल्याकडे कुणी बोट दाखवू नये, एवढंच बाईला हवं होतं. पण बोट दाखवायला जागा नको म्हणून ती इतकी मागे सरकली की पार भिंतीला जाऊन टेकली. दुधाचे पेले भरताना हिचा शेवटचा. नवी पांघरुणं आली तेव्हा हिला मागल्या वर्षीचं. ताप आला की कुठल्याही मुलीच्या कपाळावर मॅडमचा हात फिरायचा. हिच्या वाट्याला थर्मामीटर.

इतकं करून काय मिळालं? तर मुली तिला 'मॅडमची' म्हणू लागल्या. ती खोलीत आली की कुजबुज थांबायची. कुणी चोरून आणलेला खाऊ उशाखाली जायचा. बिचारीने आजवर एकही चुगली केली नव्हती, पण तिच्या तोंडाकडे बघून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागे. आईच्या घरात ती परकी आणि मुलींच्या घरातही परकीच.

अभ्यासात मात्र ती चांगली होती. संध्याकाळी अभ्यासिकेत सगळ्या मोठ्याने पाठांतर करत. प्रत्येकीची चाल वेगळी, आणि सगळ्यांचा मिळून असा गलका व्हायचा की नवख्या शिक्षकाला वाटावं, आत भांडण पेटलंय. गणिताची जागा वर्षभर रिकामी होती, म्हणून वरच्या वर्गातल्या मुली खालच्या वर्गांना शिकवत. ही आठवीत होती आणि पाचवीच्या मुलींना अपूर्णांक शिकवायची, जेवणघरातली ताटं मांडून. त्या छोट्या मुली तेवढ्या तिला 'ताई' म्हणत. बाई दाराआडून हे ऐकायची आणि शाबासकी न देता पुढे निघून जायची. मनात फुलायची, पण तोंडातून शब्द फुटला तर शपथ मोडेल, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं.

आणि मग ते काचेचं प्रकरण झालं.

अभ्यासिकेत चेंडू खेळायला बंदी होती, आणि मधल्या सुट्टीत तिथेच चेंडू उडाला, खिडकीची काच फुटली. संध्याकाळी सगळ्या मुलींना रांगेत उभं करून बाईने विचारलं, "कोणी फोडली?" कुणी हूं की चूं केलं नाही. खरं तर बाईला विचारायची गरजच नव्हती. तिने व्हरांड्यातून जाताना दहावीतल्या एका मुलीच्या हातात चेंडू पाहिला होता. पण ती मुलगी शाळेच्या समितीवरच्या एका सदस्यांची. त्या गृहस्थांनी मागे एकदा जेवणावरून तक्रार केली होती आणि बाईच्या मागे महिनाभर चौकशीचं झेंगट लागलं होतं. बाईची नजर त्या मुलीपाशी गेली, तिथून घसरली, रांगेवरून फिरली आणि स्वतःच्या मुलीवर येऊन थांबली.

"तू. पुढे ये."

मुलगी पुढे आली. तिने एकदाच आईकडे पाहिलं.

"आठवडाभर जेवणघर तू धुवायचंस. खेळ बंद."

या मुलीसाठी भांडायला कुणी येणार नव्हतं. बाईने तिला निवडलं ते एवढ्याचसाठी, आणि हे बाईला त्याच क्षणी कळलं होतं. कळूनही ती पुढे म्हणाली, "जा आता सगळ्या अभ्यासाला."

तेव्हापासून बाईच्या जिवाला चैन नव्हतं. आधीच ती एका जागी ठरत नसे, आता तर तिने वसतिगृह डोक्यावर घेतलं. बंद नळ पुन्हा बंद केले, स्वच्छ गाद्या झटकायला लावल्या, तांदळाची पोती या भिंतीकडून त्या भिंतीकडे हलवली. स्वयंपाकीणमावशी शेवटी वैतागून म्हणाल्या, "मॅडम, पोत्यांनी काय गुन्हा केलाय? ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी बोला की." बाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जेवणघरात मुलगी गुडघ्यावर बसून फरशी घासत असायची आणि बाई दारातून जायची, परत यायची, पुन्हा जायची. मुलगी तर मान वर करायचीच नाही. आधी निदान "हो मॅडम" म्हणायची, आता तेही बंद. नुसती मान हलवायची.

असा आठवडा गेला आणि भेटीचा रविवार उजाडला.

महिन्यातून एकदा पालक भेटायला येत. गेटपाशी पत्र्याची शेड होती, तिथे बाकं मांडायची. पहारेकरीकाका भोंग्यावरून मुलीचं नाव पुकारायचे आणि ती मुलगी जिथे असेल तिथून सुटायची. एखादीची वेणी अर्धी घातलेली, एखादीच्या पायात एकच चप्पल, पण धावत. मग पिशव्या उघडायच्या, रडणं, हसणं, गुणांवरून बोलणी, सगळं एकाच वेळी. बाईच्या मुलीला त्या दिवशी पाहुण्यांना पाणी द्यायचं काम असे. तिच्याकडे कोण येणार, रिकामी बसून तिला वाईट वाटायला नको, म्हणून बाईनेच ते काम लावून दिलं होतं. दर महिन्याला ती दुसऱ्यांच्या आयांना पाणी देत फिरायची, आणि यात काही वावगं आहे हे बाईच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आज तिच्या हातात पाण्याचा जग नव्हता. ती पायऱ्यांवर बसली होती, केस नीट विंचरून, शेजारी पेटी ठेवून.

तेवढ्यात गेटमधून बाईचा धाकटा भाऊ आत आला. शेजारच्या गावात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

"अरे, तू? न कळवता?" बाई म्हणाली.

"तुझ्याकडे नाही आलो, ताई. भाचीकडे आलोय. तिने फोन केला होता. घेऊन जा म्हणाली."

"मध्येच? वर्ष अर्ध्यावर आलंय. असं सोडता येत नाही कुणाला."

"आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे. मी बोलून आलोय तिथे."

"नियम आहेत इथले. पालकाची सही लागते."

भाऊ तसा गरीब स्वभावाचा, ताईसमोर कधी आवाज न चढवणारा. आजही त्याने आवाज चढवला नाही. "मग बोलव ना पालकाला," तो म्हणाला. "मी पण बघतो, कोण आहे ते."

बाईने उगाच शेजारचं बाक सरळ केलं.

"काच तिने फोडली होती?" भावाने विचारलं.

"नाही."

"तुला माहीत होतं?"

बाई शेडच्या खांबाला धरून उभी राहिली. आजूबाजूला पिशव्या उघडत होत्या, कुणी कुणाला जवळ घेत होतं. "होतं," ती म्हणाली, आणि तरातरा पहारेकऱ्याकडे गेली.

"काका, माझ्या मुलीला बोलवा."

"मॅडम, ती काय, समोर पायऱ्यांवर तर बसलीये."

"असू दे. भोंग्यावरून बोलवा. म्हणा, आई भेटायला आलीये."

काकांनी एकदा बाईकडे पाहिलं, एकदा भोंग्याकडे, आणि पुकारा केला. शेडमधला गलका आपोआप खाली आला. सगळ्या मुलींच्या माना वळल्या. पायऱ्यांवरची मुलगी उठली. ती धावली नाही. पेटी उचलून सावकाश चालत आली आणि आईसमोर उभी राहिली.

"काच तू फोडली नव्हतीस," बाई हलक्या आवाजात म्हणाली. "मला माहीत होतं. तरी मी तुला उभं केलं. माझं चुकलं."

"तुम्हाला माहीत होतं, हे मला माहीत होतं," मुलगी म्हणाली. "शिक्षा सगळ्यांसमोर केली होती तुम्ही. हे मात्र कानात सांगताय."

बाईचा चेहरा उतरला. पोर खोटं बोलत नव्हती. बाई वळली, बाकांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. रोज ज्या आवाजात सूचना द्यायची तोच आवाज काढायला गेली, पण तो अर्ध्यावरच फुटला.

"ऐका सगळ्यांनी. अभ्यासिकेची काच माझ्या मुलीने फोडली नव्हती. ते ठाऊक असून मी तिला शिक्षा केली. तिच्या बाजूने कुणी बोलणार नव्हतं म्हणून केली. मी भित्री निघाले."

समितीचे सदस्य मागच्या बाकावर बसले होते. ते उठून म्हणाले, "मग फोडली कोणी? नाव सांगा ना बाई."

"ते उद्या, साहेब," बाई म्हणाली. "आज माझं चाललंय." त्यांच्या शेजारची मुलगी लालबुंद होऊन चपलेकडे बघत राहिली. पाचवीतली एक चिमुरडी मध्येच म्हणाली, "आम्हाला तर आधीच माहीत होतं," आणि कुणीतरी तिला गप्प केलं.

बाई मुलीकडे परत आली. तिने मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले, सगळ्यांदेखत, आणि मुलीने ते सारू दिले.

"आता राहशील?"

मुलीने मान हलवली. नाही. डोळे भरले होते, पण मान ठाम होती.

"अगं, मी सांगितलं ना सगळ्यांना."

"सांगितलंस. बरं वाटलं मला." मग ती एका दमात बोलली. "पण उद्या सकाळी घंटा झाली की तू परत मॅडम. एवढ्या मुली आहेत, तुला दुसरं जमायचंच नाही. मी मामाकडे गेले तर तू मला भेटायला येशील. यांच्या आया येतात तशी. पिशवी घेऊन."

इतकी वर्षं बाई या पोरीला एका छपराखाली घेऊन राहिली होती, आणि पोरीला आई मिळावी म्हणून छप्परच सोडावं लागत होतं. तिने पहारेकऱ्याच्या टेबलावर वाकून शाळा सोडण्याच्या अर्जावर सही केली, आधी पालकाच्या जागी, मग अधीक्षिकेच्या. भाऊ पेटी उचलून पुढे झाला. गेटपाशी बाईने मुलीला घट्ट धरलं, इतकं की मुलगीच म्हणाली, "आई, श्वास घेऊ दे."

"पुढच्या रविवारी येते," बाई म्हणाली.

"ये. मामाच्या दारात उभी राहा आणि मोठ्याने हाक मार मला," मुलगी म्हणाली. "मी धावत येईन."