गैरहजराचा वाटा

शिंपीणबाई चिडल्या की आधी कात्री लपवायची, असं त्यांचा जावई चेष्टेनं म्हणायचा. त्या रविवारी मात्र त्यालाही चेष्टा सुचली नाही.

बाईंच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन भिंतीला सरकवून दर रविवारी प्रभूच्या नावानं माणसं जमत. पाळक नाही, व्यासपीठ नाही. ज्याला सुचेल त्यानं बायबलातलं वचन वाचावं, कुणीही प्रभुभोजनाची भाकर मोडून वाटावी. "आपल्याकडे पाद्री नाही, कारण सगळेच पाद्री!" असं नळदुरुस्तीवाला छाती फुगवून सांगे. एक रीत मात्र पक्की. जो आजारी, त्याच्या वाट्याचा तुकडा कापडात बांधून दारामागच्या डब्यात झाकणाच्या खाचेतून टाकायचा, आणि कुणीतरी तो नेऊन त्याच्याजवळ घटकाभर बसायचं.

त्यांच्यातलेच घड्याळं दुरुस्त करणारे काका मांडीचं हाड मोडून महिनाभर दवाखान्यात होते. मागं ना पुढं कुणी. दर रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची, नळवाल्याची तर सगळ्यांत लांब.

त्या सकाळी बाईंनी डबा पुसायला घेतला आणि सहज झाकण काढलं. आत पुरचुंड्या एकावर एक. वरचा तुकडा वाळून लाकूड झालेला, खालचे बुरसटलेले. एकही कुणी नेलेला नव्हता!

माणसं जमली तसा बाईंनी डबा सतरंजीवर उपडा केला. "काकांकडे कोण गेलं होतं?"

नळवाला नर्सताईंकडे बघू लागला. "मला वाटलं, ताई तिथंच कामाला आहेत..."

"माझा वॉर्ड वेगळा आहे! मला वाटलं, जावईबापू जातात, त्यांच्याकडे गाडी आहे."

जावई पुटपुटला, "मला वाटलं, आईच जात असतील."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "वा रे वा, सगळेच पाद्री! एखादा पाद्री असता तर त्याच्या नावानं खडे फोडून मोकळे झालो असतो. आता कुणाच्या नावानं फोडू? डबा माझ्या घरात, आणि मी मेली रोज त्याच्यासमोरून मिरवतेय!"

"आपण आधी क्षमेसाठी प्रार्थना करू या," नळवाला हळूच म्हणाला.

"गप्प बस! महिनाभर तेच केलंत. चपला घाला."

वाटेभर बाई एकच घोकत होत्या: म्हातारा आता आपल्याला आपलं म्हणेल का?

काका उशीला टेकून बसले होते. शेजारच्या खाटेवरचा ट्रकड्रायव्हर, ज्याचं देवाधर्माशी कधी जमलं नाही, तो अडखळत बायबल वाचून दाखवत होता. झाडूवाली बाई झाडू बाजूला ठेवून ऐकत होती. चहाबरोबर आलेला पाव तिघांत वाटून झालेला दिसत होता.

"काका, आम्ही चुकलो," बाई म्हणाल्या.

"थांबा. वाचन चाललंय."

सगळे खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. ड्रायव्हर थांबला तरी काकांनी मान वर केली नाही.

बाईंना राहवेना. "काका, रागवा, शिव्या द्या, पण बोला तरी!"

"पहिल्या आठवड्यात फार राग आला होता," काका म्हणाले. "तेव्हा आला असतात, तर रागावलो असतो."

मग ते ड्रायव्हरकडे वळले. "हं, पुढचा अध्याय घे."