एका घराच्या दोन ओळी

सुभेदार ‘चुकून’ हा शब्द वापरू देत नसत. “चुकून काय हुत न्हाई. कोन तरी करतं,” म्हणायचे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर मुलांच्या वयाच्या लोकांबरोबर बसून ते प्रोग्रॅमिंग शिकले होते. सांगलीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात माझं काम तपासायचं त्यांच्याकडे होतं. प्रत्येक ओळ ते उभं राहून, मोठ्यानं वाचत. वैताग यायचा.

महापुरात अडकलेल्यांची यादी ठेवायचं काम आमच्याकडे आलं. यादी झटपट मिळावी म्हणून ती मेमरीतल्या एका ‘सेट’मध्ये होती. सेट म्हणजे अशी थैली, जिच्यात तीच गोष्ट दोनदा राहत नाही. मी प्रत्येक कुटुंबाचं नाव, पत्ता, माणसं किती, हे सगळं एका ओळीत गुंफून थैलीत टाकत होते. सुटका झाली की ती ओळ काढायची.

“आगं, अख्खं घर थैलीत कोंबू नगं,” सुभेदार म्हणाले. “घराला नंबर दे. थैलीत निस्ता नंबर ठेव, बाकीची म्हायती बाजूला. एक अक्षर बदललं तर त्येला ते दुसरंच घर वाटंल.”

“सुभेदार, पाणी चढतंय. आता कुठं बदलत बसू?”

त्यांनी पडद्यावरची ओळ पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली. “बरं. चालू दे.”

तिसऱ्या दिवशी एका घरातून पुन्हा फोन आला, पाच नव्हे, सहा माणसं आहोत. माहिती बदलली, नवी ओळ आत गेली. जुनी तशीच राहिली. सहाही जणांना बोटीनं आणलं, नवी ओळ निघाली. जुन्या ओळीनं बोट पुन्हा त्याच रिकाम्या घराकडे पाठवली. पलीकडच्या गल्लीत एक म्हातारं जोडपं कौलांवर बसलं होतं. बोट तिथं पोचली तेव्हा आजी एकट्याच होत्या.

पाणी ओसरल्यावर सुभेदार मला घेऊन माधवनगरला गेले. आजी तिथं लेकीकडे होत्या. आम्ही कोण, ते सुभेदारांनी सांगितलं.

“आमचं नाव लिवलं हुतं न्हवं?” आजींनी विचारलं.

“व्हय, लिवलं हुतं.”

“ह्येंनी लय धीर धरला. म्हनायचे, नाव दिलंय, येतील.”

तिथंच थांबता आलं असतं. सुभेदार म्हणाले, “वैनी, बोट रिकाम्या घराकडं गेली. आमची चूक हाय.”

लेकीनं दार लावून घेतलं. मी शेजारी उभी होते, तोंड उघडलं नाही.

महिनाअखेर नोकरी सोडून ते उंब्रजला शेतीवर गेले. मी एकदाच फोन केला. “ती ओळ मी लिहिली होती,” मी म्हणाले.

“मी वाचली हुती,” ते म्हणाले, आणि उसाला पाणी पाजायचंय म्हणून फोन ठेवला.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. दहावं झाल्यावर उंब्रजहून परतताना मी घरी गेले नाही. माधवनगरला उतरले आणि एकटीनं ते दार वाजवलं.