सहा महिन्यांनंतरचा फॉर्म

डोक्याला मार लागून मेंदूची शस्त्रक्रिया झालेली माणसं पुढे कशी जगतात, याचा अभ्यास नागपूरच्या एका हॉस्पिटलात चालला होता. गोंदिया जिल्ह्यातल्या रुग्णांच्या घरी जाऊन माहिती आणायचं काम माझ्याकडे होतं. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी एकदा आणि वर्षाने एकदा. प्रश्न छापील होते. रुग्ण एकटा बसने प्रवास करतो का? बाजारहाट करतो का? पूर्वीचं काम पुन्हा करू लागला का? हे प्रश्न ज्याने काढले, त्याला उचलून दरेकसाच्या जंगलात आणून सोडावं, असं मला फार वाटायचं. जिथे बसच येत नाही, तिथे काय विचारायचं, कपाळ!

दरेकसाच्या पलीकडे एका टोल्यावर, लहानशा वस्तीत, आमचा एक रुग्ण होता. चाळिशीचा शेतकरी. धानाचे भारे लादलेल्या ट्रॅक्टरवरून तो खाली पडला होता. मेंदूला सूज आली, म्हणून डॉक्टरांनी कवटीचा डावीकडचा तुकडा काढून ठेवला. सूज उतरली की पुन्हा शस्त्रक्रिया करून ती जागा बंद करतात. तोवर तिथे नुसती कातडी असते आणि खाली मेंदू. ज्यांच्या तक्रारी जास्त, त्यांना या दुसऱ्या शस्त्रक्रियेला आधी बोलवायचं, बाकीच्यांना सवडीने, असं ठरलं होतं. तक्रारी आहेत की नाहीत, हे माझ्या फॉर्मवरून कळणार होतं. म्हणजे त्या माणसाचं डोकं माझ्या पेनाच्या टोकावर होतं. तेव्हा मला हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

मे महिन्यात मी गेलो. सकाळच्या रेल्वेने दरेकसाला उतरलो आणि तासभर पायी चाललो. तेंदूपानांचा हंगाम होता. अंगणात पानांचा ढीग, शेजारी बांधलेली पुडकी, आणि भिंतीला टेकून तो बसलेला. डोक्याला दुपट्टा, हातात एक पान. त्याच्या बायकोने मला खाट टाकून दिली.

"काम करतात का?" मी विचारलं.

"हाव जी. पुडके बांधून राहिले ना."

"डोकं दुखतं? चक्कर येते? पडतात?"

"नाई जी. बरे आहेत."

मी त्याला त्याचं नाव विचारलं. तो माझ्याकडे बघून छान हसला. "ते पयलेपासूनच कमी बोलते," बायको घाईने म्हणाली.

मी तिथे अर्धा तास बसलो होतो. त्या अर्ध्या तासात त्याच्या हातातलं पान बदललं नाही. बायकोच्या बोटांना पानांचा काळपट डाग चढलेला होता, त्याची बोटं स्वच्छ होती. पानाचा देठ त्याच्या चिमटीत कुणीतरी धरवून दिल्यासारखा होता. मी हे सगळं पाहिलं. दुपारची गाडी चुकली असती तर संध्याकाळपर्यंत स्टेशनावर माश्या मारत बसावं लागलं असतं. मी लिहिलं : पूर्वीचं काम करतो, होय. तक्रार, नाही.

नागपूरच्या कुणी असं लिहिलं असतं तर एक वेळ माफ होतं. मी याच जिल्ह्यातला, तिरोड्याकडचा. माझी आई शेवटच्या आठवड्यात पाणीसुद्धा गिळू शकत नव्हती आणि दारात येईल त्याला "बरी आहो" म्हणत होती. पाहुणा चालत आला की त्याच्यापुढे रडगाणं गायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ज्या डॉक्टरने जीव वाचवला त्याच्या माणसापुढे तर मुळीच नाही. "बरे आहेत" याचा अर्थ काय, ते मला कुणी शिकवायला नको होतं.

परतीच्या गाडीत सालेकसा येईपर्यंत मी दोनदा फॉर्म बाहेर काढला. खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते, कारण लिहावं लागतं. मी कंटाळा केला. दुसरा शब्द शोधून सापडत नाही.

नोव्हेंबरात वर्षाचा फॉर्म घेऊन गेलो, तेव्हा भिंतीजवळची जागा रिकामी होती.

"रोवन्यात गेले जी," ती म्हणाली. म्हणजे पावसाळ्यात, धानाच्या लावणीच्या वेळी वारले. "वावराच्या धुऱ्यावरून घसरले. तेच बाजू दगडावर आली."

त्याला दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी अजून बोलावणं गेलंच नव्हतं. माझा आवाज चढला. स्वतःवरचा राग मी तिच्यावर काढला, याची मला आजही लाज वाटते. "मग मे महिन्यात खरं काऊन नाई सांगितलं?"

"तवाबी दिवसातून दोनदा पडत होते," ती खाली बघत म्हणाली. "बोलता येत नोहोतं. पन तुमी एवढ्या दुरून आलते. डॉक्टरनं एवढी मेहनत केली. त्याइले कसं सांगाव, का तुमचं काम फसलं म्हनून?"

 त्या अभ्यासात तो माणूस सहा महिन्यांनी बरा होता, आणि मी दुरुस्त केलं नाही तर तसाच राहणार होता. पुढे जो कुणी ते कागद वाचेल, तो म्हणेल, कवटी उघडी असूनही माणूस कामाला लागला होता, घाई करायचं कारण नव्हतं. त्या भरवशावर दुसरा कुणी असाच थांबेल. मी वर्षाच्या फॉर्मवर 'मृत' या चौकटीत खूण केली आणि खाली मे महिन्याची माहिती चुकीची असल्याचं लिहिलं. या वेळी सहीसुद्धा केली.

ती माझा हात बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"डॉक्टरले नोका सांगू जी," ती म्हणाली. "त्याइले वाईट वाटन. मागच्या वख्ती लिवलं, तसंच लिवा."

"हो."

"लिवलं? बरे आहेत म्हनून?"

"लिहिलं," मी म्हणालो.

तिचा जीव भांड्यात पडला. ती आत गेली आणि माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली.