पोपटीतली पिशवी

नेरे गावात माझ्या शेताला लागून वरच्या शेतातले काका "मी काय बोलत नाय" म्हणतात आणि मग बोलतच राहतात.

कारखान्याच्या पाण्याने माझ्या मातीत शिसं उतरल्यापासून, आम्ही मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी करायचो तेव्हा ते स्वतःच्या शेंगांची पिशवी घेऊन येत. त्या पिशवीचा मला फार राग यायचा.

मातीतलं शिसं पिकात चढू नये म्हणून मी पोलादाच्या भट्टीत उरणाऱ्या मळीची, म्हणजे स्लॅगची, भुकटी शेतात मिसळली.

"मी काय बोलत नाय, पन कारखान्याच्या घाणीवर कारखान्याचीच घाण?"

यंदा शेंगा तपासणीत चांगल्या निघाल्या. मी तसं काकांना सांगितलं.

पोपटीला ते हात हलवत आले. मडक्यातली माझी शेंग सोलून त्यांनी दाणे तोंडात टाकले.

"मी काय बोलत नाय, पन मीठ कमी हाय."